पहिल्या दिवशी इचारलं होतं

आमच्या गल्लीतलं शेवटचं घर प्रेमदास मून यायचं. गाव आंजी मोठी, बुद्धविहाराच्या मागं. मी त्यायले काकाजी म्हणतो. रक्ताचं नातं काही नाई. मी नववीत शाळा सोडली तवा बापानं मले घराबाहेर काढलं, तं दोन दिवस यायच्या छपरीत राह्यलो. तिसऱ्या दिवशी हे माह्या बापाच्या अंगावर गेले. "पोरगं शाळेतून पळालं रामाजी, जेलातून नाई," म्हणे. बाप हसला अन् मले घरात घेतलं. तवापासून या मानसाबद्दल कोणी वाकडं बोललं का माहं डोस्कं फिरते.

काकाजीनं बावीस वर्षे वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूत काम केलं. अटेंडंट. कोणी वॉर्डबॉय म्हटलं का चिडत. "केस पिकले, दात पडले, अन् अजून बॉय?"

काम काय, तं पेशंटची दर दोन तासानं कड बदलाची, चादर बदलाची, लघवीची पिशवी रिकामी कराची, रक्ताच्या बाटल्या लॅबमंदी पोचवाच्या. मेला त चादरीत बांधून खाली न्याचा. बेहोश मानसासोबतही बोलत. "भाऊ, आता डाव्या कडेवर घेतो बरं का, घाबरू नका." सिस्टर हसत. हे म्हणत, "तो आपल्यावर हसून नाई राह्यला न, मंग तुम्ही काऊन हसता?"

अन् हात. सायकलवरून घरी आले का पहिले कोपरापर्यंत हात धुवाचे, मंग काकीच्या हातचा चहा. आयसीयूत कोणी नातेवाईक हात न धुता पेशंटले शिवाले गेला त त्याले दारातूनच वापस पाठवत. एका डाव एक सरपंच अडला होता, "मले ओळखत नाई का?" हे म्हणे, "तुमाले ओळखतो, तुमच्या हातावर काय हाये ते नाई ओळखत."

असा मानूस. पण एक गोष्ट करत ते.

पेशंट सुटी होऊन गेला का मरून गेला, त्याच्या उशाशी औषधायची पिशवी उरते. मेलेल्याच्या घरचे लोक त पिशवीकडं पाहतही नाई. नियम असा का ते सिस्टरजवळ द्याचं. काकाजी बहुतेक द्यायचे. पण गोळ्यायच्या पट्ट्या, त्यातल्या त्यात चांगल्या, जबर जंतूवरच्या, त्यायच्या हातून फेकणं होत नोतं. "येवढी भारी गोळी," म्हणत, "कचऱ्यात कशी टाकू? माहे हात नाई उठत." बिस्किटाचा मोठा चौकोनी डबा होता, त्यात ठेवत. नोकरी सुटली तवा डबा भरला होता.

सहा वर्षांआधी सीताबाई काकी गेल्या. पोरगा नीलेश पुण्याले कंपनीत, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस घरात भांड्याचाही आवाज नाई. मी छोटा हत्ती टेम्पो चालवतो, आंजीहून वर्ध्याले भाजी नेतो अन् येतानी किराणा आणतो. संध्याकाळी गाडी लावली का दहा मिनिटं जाऊन बसत होतो. मले एका जागी जास्त बसवत नाई, पाय हलतेत. काकाजी म्हणत, "जा, जा. तुह्यानं बसणं होत नाई."

त्या घरात मानूस आणला तो डब्यानं.

कोणाले ताप, कोणाची दाढ सुजली, कोणाच्या लेकराले खोकला, का ते प्रेमदासकडं. आयसीयूवाला मानूस, त्याले सगळं मालूम. पैसे घेत नोते, कधीच नाई. चहा मात्र पाजत. लहानपणी ज्यायच्या आंगणात काकाजीच्या बापाले ओंजळीनं पाणी प्यावं लागे, त्या घरची मानसं यायच्या खुर्चीवर बसून चहा पेत. काकाजी ते बोलून दाखवत नोते. पण कप चांगले घेतले होते, फुलाफुलायचे.

गोळी देल्यावर एक अट राहे. "दोन सकाळी, दोन संध्याकाळी. बरं वाटलं का बंद करजो. अन् उरल्या त्या वापस आणून देजो, दुसऱ्याच्या कामी येतीन."

म्हणून एक मानूस दोन खेपा येई. एक घ्याले, एक वापस कराले. अन् दोन्ही खेपा चहा.

मले तवा समजत नोतं. आता समजते का त्यायले गोळीपेक्षा ती दुसरी खेप पायजे होती. आणि हेही समजते का ती अर्धी-अर्धी पट्टीच सगळ्यात वाईट होती. जंतू अर्धा मरे, अर्धा त्या गोळीले तोंड द्याले शिकून घे. पण हे मले कोणी शिकवलं ते पुढं सांगतो.

काकाजीले बारा वर्षांपासून शुगर. दिवाळीच्या आधी मुतखड्यासाठी एका खाजगी दवाखान्यात आठ दिवस भरती होते, लघवीची नळी लागली होती. घरी आल्यावर लघवीले जळजळ सुरू झाली. डॉक्टरकडं वापस जायाचं सोडून डबा उघडला. दोन दिवस एक गोळी. बरं वाटलं, बंद. पंधरा दिवसानं पुन्हा जळजळ, तं दुसरी गोळी, त्याच्यापेक्षा जबर. असं जानेवारीपर्यंत चाललं. लोकायले जे सांगत होते तेच सोतावर केलं. खोटं काही नोतं त्या मानसात.

एका सोमवारी सकाळी मी भाजी भरून निघालो, तं यायचं दार बंद. कधी बंद नसे. ढकललं. खाटेवर पडले होते, दात वाजून राह्यले होते, डोळे लाल. म्हणे, "कोण, गोपाल का? तीन नंबरच्या पेशंटची कड बदल." तापात दवाखान्यातच होते ते.

मी भाजी गल्लीतच उतरवली. शेजारच्या वच्छलाबाईनं गादी आणून देली, ती मागं टाकली, काकाजीले निजवलं अन् तीही सोबत बसली. पवनारवाल्याचा माल होता, त्यानं फोनवर लय शिव्या घातल्या. घाल म्हटलं.

वर्ध्याच्या अलीकडं सिग्नलले गाडी थांबली तं मागच्या खिडकीवर ठकठक. काकाजी उठून बसले होते. जरा शुद्ध आली होती.

"अंकित, कुठी नेऊन राह्यला?"

"तुमच्याच दवाखान्यात."

"दुसरीकडं ने."

"तठी तुमाले सगळे ओळखतेत न."

"म्हणूनच." मंग दम खाऊन म्हणे, "ने. पण डब्याचं नाव काढू नको तठी. गोपाल हाये, सिस्टर हायेत. बावीस वर्षे कोणी बोट नाई दाखवलं मले. शपथ घे."

"घेतली," मी म्हटलं. मागून हॉर्न वाजून राह्यले होते.

तासाभरात त्यायले आयसीयूत घेतलं. बीपी लागत नोता. त्यायचाच वॉर्ड, त्यायनंच पुसलेले पलंग. गोपाल म्हणजे त्यायच्यासोबत पंधरा वर्षे काम केलेला अटेंडंट, तो पळत आला. "अबे, हा त आमचा बुडा!"

डॉक्टर वर्षाली मॅडम तिशीच्या असतीन. कागद घेऊन मले बाहेर बोलावलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"पुतण्या," मी फेकलं.

"शुगर किती वर्षांची?"

"बारा."

"मागच्या तीन महिन्यांत कुठे भरती होते?"

मी ते सांगतलं. मुतखडा, आठ दिवस, नळी.

"आणि या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? इन्फेक्शनच्या गोळ्या? मेडिकलमधून आणलेल्या, कोणी दिलेल्या, घरात पडलेल्या. काहीही."

गोपाल तठीच उभा होता, हातात चादर घेऊन. मॅडमच्या मागं दोन सिस्टर.

"नाई मॅडम," मी म्हटलं. "काहीच नाई."

"नक्की?"

"नक्की."

त्यायनं लिहून घेतलं.

आयसीयूच्या बाहेर एक हॉल हाये. तठी लोक सतरंज्या टाकून राह्यतेत. कोणी आर्वीचं, कोणी हिंगणघाटचं. माइकवर पेशंटचं नाव पुकारतेत, तसं एकजण चप्पल काढून, हात धुवून, हिरवा गाऊन घालून आत जाते. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. माहे पाय त्या हॉलात जेवढे हलले तेवढे जल्मात नाई हलले. पुण्याहून नीलेशचा फोन. "सुटीचं पाहतो रे, तू आहेस ना." मी म्हटलं, "मी हायेच."

मंगळवारी औषध सुरू होतं, ताप उतरला नाई. संध्याकाळी दम लागला. बुधवारी सकाळी आत गेलो तं तोंडात नळी, मानेत नळी, लघवीले नळी, अन् मशीन श्वास देऊन राह्यली होती. हात पलंगाले पट्टीनं बांधले होते, नळी ओढू नये म्हणून. मी म्हटलं, "काकाजी, मी अंकित." काही नाई. मशीनचाच आवाज.

मॅडमनं मले बाजूले घेतलं. या डाव कागद नोता हातात.

"अंकित, मी सरळ बोलते. दिलेलं औषध लागू पडत नाहीये. लघवीचं, रक्ताचं कल्चर लावलंय, म्हणजे जंतू वाढवून कोणत्या औषधाने मरतो ते पाहायचं. त्याला अजून एक दिवस लागेल. तोवर मला अंदाजानेच औषध द्यायचंय. ज्याला शुगर आहे, जो नुकताच भरती होता, ज्याला नळी लागली होती, त्याच्या अंगात हट्टी जंतू असू शकतो. ते धरून मी थोडं वरचं औषध दिलंच होतं. पण ज्याने भरपूर अँटिबायोटिक घेतलेत, त्याची गोष्टच वेगळी. तिथे मी सुरुवातच दुसऱ्या औषधाने केली असती. पुन्हा विचारते. काही घेतलं होतं?"

मी त्यायच्या चपलांकडं पाह्यलं. रबराच्या, पांढऱ्या. एका बाजूनं घासलेल्या.

"तुम्ही कोणाला वाचवायचा प्रयत्न करताय?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाई.

मी खाली आलो, गाडी काढली अन् आंजीले गेलो. वाटेत रडलो का नाई ते सांगाची गरज नाई. यायच्या घरात खाटेखालून डबा काढला, सीटवर ठेवला, बेल्ट लावला त्याले. चाळीस मिनिटात वापस.

डबा सिस्टरच्या टेबलावर उपडा केला. पट्ट्याच पट्ट्या. कोणाच्या दोन उरल्या, कोणाच्या पाच. काहीवर पेनानं नाव लिहून: प्रभाकरराव, वच्छलाबाईचा नातू, प्रभाकरराव पुन्हा.

मॅडम एक एक पट्टी उचलून वाचत गेल्या. रांगेत लावल्या.

"हे सगळं यांनी घेतलं?"

"यातलं थोडं थोडं. बरं वाटलं का बंद करत."

"आणि गावातल्यांनी?"

"त्यायनंही तसंच."

त्यायनं डोळे मिटले, उघडले. मंग सिस्टरले दोन औषधायची नावं सांगतली, म्हणाल्या, "आत्ता. लगेच." अन् मले म्हणाल्या, "हे औषध किडनीवर जड जातं. पण दुसरा रस्ता नाही."

गोपाल दारात उभा होता. सगळं पाह्यलं त्यानं. माहं डोस्कं तयारच होतं, हा बुड्याले चोर म्हणला का याचं थोबाड फोडतो. तो जवळ आला अन् हळूच म्हणे, "माह्या घरीही हाये बे अशी एक पिशवी. उद्या आणून देतो मॅडमले." अन् गेला आपली चादर घेऊन.

गुरुवारी रिपोर्ट आला. औषधायच्या नावायची लांब यादी, समोर एकच अक्षर खालपर्यंत. मॅडमनं बोट ठेवून दाखवलं, हे चालत नाई, हे चालत नाई, हे चालत नाई. शेवटी दोन नावं उरली. त्यातलं एक त्यायनं बुधवारीच सुरू केलं होतं. तवाच त्यायनं मले ते जंतूच्या शिकण्याचं सांगतलं.

"दोन दिवस वाया गेले न मॅडम? माह्यामुळं?"

"त्याने किती फरक पडला असता ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. खोटा धीर देला नाई. त्याच्यासाठी मी त्यायले मानतो.

मंग काकाजीले कोपऱ्यातल्या पलंगावर हलवलं. जंतू दुसऱ्या पेशंटले जाऊ नये म्हणून. पलंगाले लाल पाटी, वेगळा गाऊन, वेगळे हातमोजे. दहाव्या दिवशी नळी निघाली. किडनीसाठी तीन डाव डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. शुद्धीवर आले तं कोणाचाच उघडा हात त्यायले लागत नोता. रबराचेच सगळे. माहेही. एक दिवस घोगऱ्या आवाजात म्हणे, "मोजा काढ."

"नाई काढता येत."

"मालूम हाये," म्हणे, अन् तोंड भिंतीकडं केलं. हाच मानूस लोकायले दारातून वापस पाठवत होता.

तेहतीस दिवसानं घरी आणलं. समोरच्या सीटवर बसवून. नीलेश दोन दिवस येऊन गेला, नवीन गादी घेऊन देली.

आठ दिवस मी हिंमत करून राह्यलो. मंग एका संध्याकाळी सांगून टाकलं. "काकाजी, शपथ मोडली मी. डबा मॅडमले देला."

"मालूम हाये. गोपाल बोलला." ते पायाले तेल लावून राह्यले होते. "कोणत्या दिवशी देला?"

"बुधवारी."

"सोमवारी इचारलं नोतं का त्यायनं? पहिल्याच दिवशी इचारतेत ते."

"इचारलं होतं."

तेलाचा हात थांबला.

"मंग?"

"काही नाई म्हटलं."

"काऊन बे?"

"तुम्हीच त शपथ घातली होती!"

"मी तापात होतो," काकाजी वरडले. वरडले म्हणजे आवाज फाटला, खोकला आला. "गोपालले तू अन् तुले गोपाल म्हणून राह्यलो होतो. तशा मानसाची शपथ पाळतेत का? बावीस वर्षे पाह्यलं मी तठी. नातेवाईक खोटं बोलतेत अन् खाटेवरचा मरते. मेलो असतो न मी, गध्या."

खोकला थांबल्यावर ते म्हणे, "चूक माहीच हाये. पण तू तरी..." अन् पुढचं सोडून देलं. ते पुढचं माह्या कानात अजून वाजते. शिवी घातली असती त परवडलं असतं.

ज्यायचं नाव पट्ट्यायवर दोनदा होतं ते प्रभाकरराव एक दिवस आले. दारातूनच. गावात बातमी झालतीच का प्रेमदासच्या अंगात असा जंतू हाये का त्याले औषधच नाई.

"कसं काय प्रेमदास, बरं हाये न? नातवाले ताप हाये दोन दिवसांचा. म्हटलं पाहावं काही असन तं."

"काही नाई आता. दवाखान्यात घेऊन जा. अन् ते देतीन ते पूर्ण संपवजा." मंग जरा थांबून म्हणे, "या न, चहा टाकतो."

"नाई, नाई. गडबडीत हाये," म्हणून प्रभाकरराव निघाले. खुर्ची रिकामीच. मी त्यायच्या मागं गेलो. म्हटलं, "चार वर्षे चहा पेला न अठी? आता कपाले काय झालं?" ते म्हणे, "लेकराचं घर हाये बापा, समजून घे." मॅडमनं सांगतलं होतं का हात धुतले त घरी बसा-उठाले काही भ्या नाई. मी ते त्यायले सांगतलं. त्यायनं मान हलवली, चालत राह्यले. त्याच्यानंतर कोणी आलं नाई. ना घ्याले, ना वापस कराले.

मी जातो. पण रोज नाई, खोटं कायले बोलू. कधी माल उशिरा उतरते, कधी तसंच.

महिन्यातून एकदा त्यायले तपासणीले नेतो. तपासणी अर्ध्या तासाची. मंग ते वर आयसीयूच्या हॉलात जाऊन बसतेत, अन् मी खाली गाडीत हॉर्न वाजवत बसतो. गेल्या डाव कंटाळून वर गेलो. काकाजी बाकावर, आजूबाजूले सतरंज्या. ज्याच्या त्याच्या जवळ सरकून सांगून राह्यले होते, "डॉक्टरनं इचारलं का सगळं सांगजा. गोळी कोणाचीही असो, अर्धी असो." आवाज त्यायचा अजून फाटका. एक पोरगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणे, "हाव बाबा, हाव." दुसरा उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. वॉचमन मले म्हणे, "दर महिन्याले येतेत. डोक्यावर परिणाम झाला का?" मी त्याच्याकडं असं पाह्यलं का तो गप बसला.

तेवढ्यात रोहण्याची एक बाई, नवरा आत असलेली, थैलीत हात घालून बसली होती. हळूच एक चुरगळलेली पट्टी काढली. तीन गोळ्या उरलेल्या.

"हे घरी घेत होते ते. मी काही बोलली नाई डॉक्टरले. हेही सांगाचं का?"

"इचारलं होतं का त्यायनं?"

"हाव. परवा."

"मंग बसून काऊन राह्यली बाई? जा न. आत्ता जा."

बाई उठली. चप्पल तठीच राह्यली. अनवाणी पळत गेली, दार ढकललं, आत गेली. काकाजीही तिच्यासोबत उठले होते, दोन पावलं गेले. दारावर त्यायले कोणी आत घेत नाई आता. दार बंद झालं, अन् ते तठीच उभे राह्यले, तिच्या चपलेजवळ.

"चला काकाजी," मी म्हटलं.

"थांब," म्हणे. "बाहेर येऊ दे तिले."

मी थांबलो. पाय हलत होते, तरी थांबलो. पाऊण तासानं बाई बाहेर आली, चप्पल घातली, मोबाईल कानाले लावून जिना उतरून गेली. काकाजीकडं तिचं ध्यानही नोतं.